महाबळेश्वरचा उन्हाळी हंगाम

महाबळेश्वरचा उन्हाळी हंगाम हा सातारा जिल्ह्यातील महाबळेश्वर या गिरिस्थानी फाल्गुनाच्या अखेरीपासून मृग नक्षत्र लागेपर्यंत, म्हणजे साधारणपणे मार्च ते जूनचा पहिला आठवडा, चालणारा पर्यटनाचा मुख्य काळ होय. दिवाळीच्या सुमारास येणारा दुसरा हंगाम तुलनेने लहान असतो. सह्याद्रीच्या माथ्यावर सुमारे १,३५० मीटर उंचीवर वसलेले हे गाव मुंबई इलाख्याच्या गव्हर्नरांचे उन्हाळी मुक्कामाचे ठिकाण होते. आज ते महाराष्ट्रातील सर्वांत गजबजलेले थंड हवेचे ठिकाण आहे. गावाची कायमची लोकसंख्या २०११ च्या जनगणनेनुसार सुमारे १३ हजार आहे. मे महिन्यातील सुट्यांत गावात असणारी माणसे याच्या कितीतरी पट असतात. राज्यातील सर्वाधिक पावसाच्या ठिकाणांत गणना होणाऱ्या या गावी गर्दीचे दिवस आणि पाणीटंचाईचे दिवस एकच असतात. या हंगामाचे स्वरूप समजून घेताना ही विसंगती प्रथम ध्यानात घ्यावी लागते.

हवामान

उंचीनुसार तापमान दर हजार मीटरला सरासरी साडेसहा अंश सेल्सिअसने उतरते. देशावरील सपाट प्रदेश समुद्रसपाटीपासून पाच-सहाशे मीटर उंच आहे, हे लक्षात घेता केवळ उंचीमुळे महाबळेश्वरी पाच अंशांच्या आसपास फरक पडावा. प्रत्यक्षात एप्रिल-मे महिन्यांत पूर्वेकडील गावांत पारा चाळिशीला टेकलेला असताना येथे दुपारचे तापमान तिशीच्या आसपास राहते. उरलेला फरक दाट झाडीचा आणि कोकणातून कडा चढून येणाऱ्या समुद्री वाऱ्याचा आहे. रात्री पारा अठरा अंशांच्या आसपास येतो. त्यामुळे दिवसा सुती कपडे पुरतात, तरी सूर्यास्तानंतर कड्यावर उभे राहायचे तर अंगावर शाल लागते.

मे हा येथील सर्वांत उष्ण महिना असावा, अशी सर्वसाधारण समजूत आहे. ती बरोबर नाही. येथे सर्वाधिक उष्मा एप्रिलमध्ये असतो. एप्रिलच्या अखेरीपासून पश्चिमेचा वारा दमट होऊ लागतो, दुपारनंतर ढग जमतात आणि कमाल तापमान किंचित खाली येते. मेच्या उत्तरार्धात वळवाच्या सरी पडतात व सकाळी दरीतून धुके वर चढते. वळीव पडून गेल्यानंतरच्या सकाळी हवा स्वच्छ असते आणि दूरवरचे दिसते. एरवी मे महिन्यात क्षितिजावर धुरकट पडदा असतो. त्यामुळे केवळ दरीचा देखावा पाहण्यासाठी येणाऱ्याची मेमध्ये थोडी निराशाच होते.

जूनच्या पहिल्या पंधरवड्यात मोसमी पाऊस सुरू झाला की चित्र पालटते. वर्षाचा साडेपाच हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस बहुतांशी जून ते सप्टेंबर या चार महिन्यांतच पडतो. जुलै २०२१ मध्ये एका दिवसात येथे ५९० मिलिमीटरहून अधिक पावसाची नोंद झाली. श्रीगोंदे, कर्जत यांसारख्या अवर्षणप्रवण तालुक्यांत तेवढा पाऊस पडायला सबंध वर्षही कधी कधी अपुरे ठरते.

हंगामाचा इतिहास

थंड हवेचे ठिकाण म्हणून महाबळेश्वर इंग्रजांनी वसवले. त्याआधी अनेक शतके ते तीर्थक्षेत्र होते. आजच्या बाजारपेठेपासून सुमारे सहा किलोमीटरवर असलेल्या क्षेत्र महाबळेश्वर येथे महाबळेश्वर, पंचगंगा व कृष्णाबाई ही मंदिरे आहेत. तेथील उगमकुंडाचा संबंध परंपरेने तेराव्या शतकातील यादव राजा सिंघण याच्याशी जोडला जातो. कृष्णा, वेण्णा, कोयना, सावित्री व गायत्री या पाच नद्यांचा उगम पंचगंगा मंदिरात मानला जातो. पहिल्या तिघी पूर्वेला वळतात. वेण्णा माहुलीला आणि कोयना कऱ्हाडला कृष्णेस मिळून ते पाणी बंगालच्या उपसागराकडे जाते. सावित्री मात्र कडा उतरून कोकणातून अरबी समुद्रास मिळते. सतराव्या शतकात हा मुलूख जावळीच्या मोऱ्यांकडे होता. १६५६ मध्ये शिवाजी महाराजांनी जावळी घेतली आणि जवळच प्रतापगड बांधला.

१८२४ मध्ये सातारा येथील लष्करी अधिकारी पीटर लॉडविक हे डोंगरावर चढले व त्यांनी येथील हवेची वाखाणणी केली. मुंबईचे गव्हर्नर सर जॉन माल्कम १८२८ मध्ये आले. पुढच्याच वर्षी साताऱ्याचे छत्रपती प्रतापसिंह महाराज यांच्याशी करार होऊन खंडाळा या गावाच्या बदल्यात हा डोंगर कंपनी सरकारकडे आला. नव्या वसाहतीस माल्कमपेठ असे नाव मिळाले. साताऱ्याहून वर येणारा गाडीरस्ता महाराजांनी बांधवून दिला. पर्यटकांच्या आवडीचा वेण्णा तलावही सातारच्या गादीचेच काम आहे. तो १८४२ मध्ये शहाजी उर्फ आप्पासाहेब महाराजांच्या कारकिर्दीत बांधला गेला. गावातील बहुतेक टोकांना साहेबांची नावे मिळाली असली, तरी ज्या तलावावर गाव जगते तो छत्रपतींचा आहे, ही गोष्ट मार्गदर्शक पुस्तिकांत सहसा येत नाही.

एकोणिसाव्या शतकात इलाख्याचा कारभार ऋतूंप्रमाणे फिरत असे. थंडीत मुंबई, उन्हाळ्यात महाबळेश्वर आणि पावसाळ्यात पुणे असा तो क्रम होता. गव्हर्नर, सचिव, त्यांची कुटुंबे, कारकून आणि दफ्तरांच्या पेट्या असा सारा संसार एप्रिलच्या सुमारास डोंगर चढे आणि पाऊस लागण्याआधी उतरे. मुंबईहून येणारे लोक बोटीने कोकणच्या खाडीपर्यंत येत आणि तेथून पालखीने किंवा घोड्यावर घाट चढत. १८७६ मध्ये आंबेनळी घाट झाल्यावर महाडकडील वाट गाडीची झाली. पुढे रेल्वे आल्यावर वाठार स्टेशनवर उतरून वाईमार्गे येण्याचा प्रघात पडला.

१८३४ ते १८६४ या काळात येथे एक तुरुंग होता. त्यात पूर्वेकडील ब्रिटिश वसाहतींतून आणलेले चिनी व मलायी कैदी ठेवलेले असत. त्यांनी फुलवलेल्या भाजीमळ्यांची आठवण एका धबधब्याच्या नावात टिकून आहे. बटाटे, गाजर, मुळा या भाज्या साहेबाच्या जेवणासाठी या मातीत रुजल्या त्या याच काळात. लिंगमळा येथे सिंकोनाच्या लागवडीचाही प्रयत्न झाला, परंतु तो फसला. या नव्या व्यवस्थेची झळही काहींना बसली. डोंगरावरील धावड लोक लोखंड गाळून पोट भरत. त्यासाठी लागणारा कोळसा जंगलातून येई. जंगल राखीव झाल्यावर त्यांचा धंदा बसला. ज्या दाट झाडीचे आज कौतुक होते, तिचा हाही एक हिशेब आहे.

स्वातंत्र्यपूर्व काळातच मुंबईचे पारशी, गुजराती व मराठी धनिक येथे बंगले बांधू लागले होते. १९४५ च्या उन्हाळ्यात महात्मा गांधींचा मुक्काम येथे मोरारजी कॅसल या बंगल्यात होता. त्याआधी १९४४ मध्ये सुटकेनंतरच्या आजारपणात ते काही काळ पाचगणीस राहिले होते. मध्यमवर्गीय कुटुंबे मोठ्या संख्येने येऊ लागली ती एस.टी. आल्यानंतर.

वसंत: जंगल व मळे

चैत्र-वैशाखातील महाबळेश्वर पाहण्याजोगे असते ते मुख्यतः झाडांसाठी. येथील जंगल सदाहरित व निमसदाहरित प्रकारचे असून खुरट्या, वेड्यावाकड्या खोडांच्या झाडांनी भरलेले आहे. जांभूळ, पिसा, हिरडा, अंजनी, गेळा व पारजांभूळ ही त्यांतील मुख्य झाडे. देशावर पानगळ संपून झाडे उघडी पडलेली असतात, तेव्हा येथे जांभळीला आणि पिशाला तांबूस कोवळी पालवी येते. अंजनीची निळी-जांभळी फुले पानांतून नव्हे, तर थेट फांदीवर गुच्छांनी येतात. हा बहर अल्पकाळ टिकतो आणि ज्याला तो नेमका सापडतो त्याने स्वतःस भाग्यवान समजावे. एप्रिल-मे महिन्यांत करवंदे पिकतात. आंबगूळ आणि तोरणे हा रानमेवा डोंगरवस्तीतील बायका-मुले पानांच्या द्रोणांतून विकायला आणतात.

शेकरू हा महाराष्ट्राचा राज्यप्राणी या झाडीत पहाटे सहज दिसतो. शीळकरी कस्तुर हा पक्षी माणसाने शीळ घातल्यासारखा गातो. त्याचा आवाज मेअखेर, पावसाची चाहूल लागली की, अधिक ऐकू येतो. त्याच सुमारास दमट रात्री काजवे चमकू लागतात. गवेही या भागात आहेत. रात्री आडवाटेने गाडी चालवताना त्यांची जाणीव ठेवावी.

वसंतातील फुलोऱ्यावर मधाचा धंदा उभा आहे. जांभूळ, हिरडा, गेळा यांच्या फुलांचा मध चवीने व रंगाने वेगवेगळा असतो. जांभळाचा मध गडद आणि किंचित तुरट लागतो. राज्याच्या खादी व ग्रामोद्योग मंडळाचे मध संचालनालय महाबळेश्वर येथेच आहे. तालुक्यातील मांघर हे गाव मे २०२२ मध्ये ‘मधाचे गाव’ म्हणून घोषित झाले. बाजारपेठेत मध घेताना बाटलीवर कोणत्या फुलोऱ्याचा मध आहे ते लिहिले आहे का, हे पाहणे बरे.

स्ट्रॉबेरी हे पीक आता या गावाची ओळख बनले आहे. देशातील स्ट्रॉबेरी उत्पादनाचा सुमारे ८५ टक्के वाटा महाबळेश्वर-पाचगणी परिसराचा असल्याचे सांगितले जाते. २०१० मध्ये महाबळेश्वर स्ट्रॉबेरीस भौगोलिक मानांकन मिळाले. परदेशातून आणलेल्या मातृरोपांपासून पावसाळ्यात रोपे तयार करतात. सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये गादीवाफ्यांवर त्यांची लागण होते आणि नोव्हेंबरअखेर फळ सुरू होते. म्हणजे उन्हाळी पाहुणा येतो तेव्हा तोडे शेवटाकडे आलेले असतात. मार्चमध्ये फळ भरपूर असते, एप्रिलमध्ये ते लहान होते व बरेचसे जॅम आणि सरबताच्या कारखान्यांकडे जाते. मे महिन्यात झाडावरून स्ट्रॉबेरी तोडून खाण्याची हौस असलेल्यांनी ती फार धरून ठेवू नये. त्याऐवजी तुती व रासबेरी मिळतात.

टोके आणि त्यांची नावे

प्रवासी ज्यांना ‘पॉइंट’ म्हणतात ती डोंगराच्या कडेची टोके होत. विल्सन पॉइंट (सुमारे १,४४० मीटर) हे सर्वांत उंच असून तेथून सूर्योदय व सूर्यास्त दोन्ही दिसतात. स्थानिक लोक या टेकडीला सिंदोळा म्हणत. सूर्यास्तासाठी गर्दी होते ती बॉम्बे पॉइंटवर. आर्थर सीट हे मूळचे मढीमहाल. आर्थर मॅलेट यांनी तेथे घर बांधल्याने नवे नाव पडले. येथून सावित्रीचे खोरे सरळ पायाखाली दिसते आणि देश व कोकण यांच्यातील उंचीचा फरक जितका स्पष्ट कळतो, तितका भूगोलाच्या कोणत्याही पुस्तकावरून कळत नाही. केट्स पॉइंटचे जुने नाव नाके खिंड. माल्कम यांच्या कन्येचे नाव त्यास दिले गेले. तेथून कृष्णेचे खोरे व धोम धरणाचा जलाशय दिसतो. जुनी नावे गावकऱ्यांच्या बोलण्यात अजून अधूनमधून येतात. ती नोंदवून ठेवण्याचे काम कोणी विद्यार्थ्यांनी हाती घेतले, तर ते उपयुक्त ठरेल.

लिंगमळ्याचा धबधबा एप्रिलपासून जवळजवळ कोरडा असतो. पाण्याने भरलेला धबधबा पाहायचा असेल तर पावसाळ्यानंतर यावे. प्रतापगड सुमारे वीस-पंचवीस किलोमीटरवर आहे. गड चढण्यास सकाळची वेळ योग्य, कारण पायऱ्यांवर सावली फारशी नाही. पाचगणीचे विस्तीर्ण पठार जांभ्या दगडाचे असून दुपारी तापते. पाचगणी व महाबळेश्वर यांच्या दरम्यान असलेले भिलार हे गाव ४ मे २०१७ पासून ‘पुस्तकांचे गाव’ म्हणून ओळखले जाते. तेथे घराघरांतून विषयवार मराठी पुस्तके मांडलेली असून कोणीही बसून वाचू शकतो. टोकांच्या धावपळीत एक दुपार भिलारसाठी राखून ठेवणे, विशेषतः मुले बरोबर असल्यास, सार्थकी लागते.

पाणी

महाबळेश्वरचा माथा काळ्या बेसाल्ट खडकावर जांभ्याची टोपी घातल्यासारखा आहे. जांभा सच्छिद्र असतो. पावसाळ्यात पडलेले पाणी काही कड्यांवरून वाहून जाते व काही जांभ्यातून झिरपून बेसाल्टच्या थरापाशी अडते आणि झऱ्यांच्या रूपाने बाहेर पडते. हे झरे हिवाळाभर चालतात, पुढे मंदावतात आणि वैशाखात अनेक ठिकाणी आटतात. माथा अरुंद व उतार तीव्र असल्याने मोठे साठे करण्यास जागाही थोडी. महाबळेश्वर व पाचगणी या दोन्ही नगरांस पाणी पुरवणारा मुख्य साठा वेण्णा तलाव हाच आहे. त्यात दरवर्षी गाळ येतो आणि उन्हाळ्यात पातळी खाली जाते. याच महिन्यांत हॉटेलांना पाणी सर्वाधिक लागते. आसपासच्या वाड्यावस्त्यांवरील बायका आटत्या झऱ्यांवर हंडे घेऊन जातात, तेव्हा काही अंतरावर नौकाविहारासाठी रांग लागलेली असते. कृष्णेच्या उगमापाशी राहणाऱ्यांना मे महिन्यात टँकरची वाट पाहावी लागावी, यासारखी विपरीत गोष्ट नाही.

पर्यावरणाच्या दृष्टीने केंद्र शासनाने २००१ मध्ये महाबळेश्वर-पाचगणी परिसर संवेदनशील क्षेत्र म्हणून अधिसूचित केला. त्यामुळे बांधकाम, वृक्षतोड, खाणकाम यांवर निर्बंध आहेत. तरीही अनधिकृत बांधकामांचा प्रश्न सुटलेला नाही आणि तो वेळोवेळी न्यायालयांपुढे आला आहे. गर्दी विभागण्यासाठी दक्षिणेकडील डोंगररांगेत ‘नवीन महाबळेश्वर’ हे गिरिस्थान विकसित करण्याची शासनाची योजना आहे. जुन्या डोंगरावर पाणी पुरत नसताना नव्या डोंगरावर तेच प्रश्न उभे राहतील की काय, अशी शंका पर्यावरणाच्या अभ्यासकांनी मांडली आहे आणि ती निराधार म्हणता येत नाही. या संदर्भात माथेरानचे उदाहरण दिले जाते. तेथे पर्यटकांच्या मोटारींना गावाबाहेरच थांबावे लागते. महाबळेश्वरातून पोलादपूरकडे जाणारी हमरस्त्याची वाहतूक असल्याने तीच व्यवस्था येथे जशीच्या तशी लागू करता येणार नाही.

जाण्याचे मार्ग व काळाची निवड

पुण्याहून महाबळेश्वर सुमारे १२० किलोमीटर असून खंबाटकी घाट, सुरूर, वाई, पसरणी घाट व पाचगणी असा मार्ग आहे. मुंबईहून पुणेमार्गे किंवा महाड-पोलादपूरमार्गे आंबेनळी घाटाने जाता येते. साताऱ्याहून मेढा व केळघर घाटाचा रस्ता आहे. अहिल्यानगर जिल्ह्याच्या दक्षिण भागातून, म्हणजे श्रीगोंदे, काष्टी या ऊसपट्ट्यातून, येणारे दौंडमार्गे पुण्यास जातात किंवा पुण्याची वाहतूक टाळून बारामती, लोणंद, वाठार स्टेशन, वाई असा मार्ग धरतात. दुसरा रस्ता सपाट व उन्हाचा आहे, पण वाईनंतर पसरणी घाटात पहिला गार वारा लागतो तेव्हा त्याचे चीज होते. रेल्वेने येणाऱ्यांस सातारा स्थानक सोयीचे पडते.

वाईला थांबणे व्यर्थ जात नाही. ढोल्या गणपती, कृष्णेचे घाट, जवळचा मेणवलीचा नाना फडणवीसांचा वाडा आणि मराठी विश्वकोशाचे कार्यालय हे सारे येथे आहे. रंगपंचमीच्या दिवशी बावधनच्या बगाडाची यात्रा असते. त्या दिवशी वाई परिसरातील रस्ते माणसांनी भरून जातात, हे ध्यानात ठेवून प्रवास आखावा.

शाळांच्या परीक्षा संपल्यापासून जूनच्या आरंभापर्यंत, विशेषतः शनिवार-रविवारी, पाचगणी ते वेण्णा तलाव या अरुंद रस्त्यावर वाहने तासन्‌तास अडकतात. निवासाचे दर या काळात चढलेले असतात. नोकरदार व मुलांची शाळा असलेल्या कुटुंबांस दुसरा काळ निवडता येत नाही, हे खरे. त्यांनी निदान मंगळवार ते गुरुवार असे आडवार धरावेत. ज्यांना मोकळीक आहे, म्हणजे निवृत्त मंडळी, अभ्यासक, छायाचित्रकार, त्यांनी मार्चचा उत्तरार्ध साधावा. तेव्हा स्ट्रॉबेरी असते, पालवी नवी असते, झऱ्यांना थोडे पाणी असते आणि बाजारपेठेत चालायला जागा असते. टोकांवरची माकडे हातातील खाऊ हिसकावतात. त्यांना काही खाऊ घालू नये, कारण त्यामुळेच ती धीट झाली आहेत.

बाजारपेठेत चणे, मक्याचे पॅटिस, स्ट्रॉबेरी-क्रीम, चामडी चपला व कोरीव काठ्या यांची दुकाने रात्री उशिरापर्यंत चालू असतात.

हंगामाचा शेवट

जूनचा पहिला आठवडा उलटला की गावात आवराआवर सुरू होते. जांभ्याच्या भिंती पावसाचा मारा सोसत नाहीत, म्हणून जुने बंगले व घरे बाहेरून गवताच्या झडींनी झाकून घेण्याची रीत इंग्रजी अमलापासून चालत आली आहे. आता पुष्कळ ठिकाणी गवताची जागा प्लास्टिकच्या कापडाने व पत्र्यांनी घेतली आहे. टपऱ्या बांधून ठेवतात, घोडेवाले घोडी घेऊन खालच्या गावांकडे उतरतात. अलीकडे पावसाळ्यातही धुके व धबधबे पाहण्यासाठी लोक येऊ लागल्याने पूर्वीसारखे गाव पूर्ण बंद होत नाही. मात्र दरडी कोसळून आंबेनळी व केळघर घाट अधूनमधून बंद पडतात.